आईचे रिपोर्ट चांगले आहेत, पण झोप नाही. ऑनलाइन माइंडफुलनेसचा खरंच उपयोग होतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आई ५४ वर्षांची. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं मिरजेत झालं. उपचार संपून दीड वर्ष झालं, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू आहे. पण ती रात्री तीनला उठून बसते, दिवसातून कितीदा तरी काख चाचपते, तपासणीची तारीख जवळ आली की जेवण सोडते. डॉक्टरांनी आठ आठवड्यांचा ऑनलाइन माइंडफुलनेसचा कोर्स सुचवलाय. घरातले म्हणतात, जप करते तेच ध्यान, मोबाईलवर काय बरं होणार? पुढच्या महिन्यात तपासणी आहे. काय करावं?

हो, उपयोग होतो. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता मनात आणि अंगात काय चाललंय तिकडे लक्ष देणं. पण कशाला होतो आणि कशाला होत नाही हे आधी कळलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात आई म्हणतील, "माझ्याच्यानं नाही होत हे," आणि आपल्याला एवढंही जमलं नाही ही आणखी एक टोचणी त्यांच्या मागे लागेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते. सांगली-मिरजेत बारा वर्षं मी कॅन्सरमधून उठलेल्या माणसांचं समुपदेशन करते आहे. कोविडपासून त्यातलं निम्मं काम फोनवर आणि व्हिडिओवरच चालतं.

तुमच्या प्रश्नातलं "सगळे रिपोर्ट चांगले आहेत" हे वाक्य मी दोनदा वाचलं. हे घरात जितक्या वेळा म्हटलं जातं, तितकी आईंना बोलायची चोरी होत जाते. केमो सुरू होती तेव्हा केस गेलेले दिसत होते, उलट्या दिसत होत्या. शेजारणी डबा घेऊन येत होत्या, बहीण येऊन राहत होती, रडलं तरी कुणी काही म्हणत नव्हतं. उपचार संपले, केस आले, आई पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता भीती वाटते म्हणावं, तर "एवढ्यातून देवानं वाचवलं, कशाला अभद्र बोलतेस?" माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका उपचार चालू असताना येतच नाहीत. संपल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने येतात. उपचारांच्या काळात पुढची तारीख, पुढची सलाईन, गाडीची सोय, पैशांची जुळवाजुळव यातच जीव गुंतलेला असतो. भ्यायला सवड मिळते ती नंतर. त्यामुळे आईंचं काही विचित्र चाललंय असं मनात आणू नका.

आता ते काख चाचपणं. पहाटे तीनला "परत आला तर?" हा विचार येतो. विचार आला की पोटात गोळा येतो, छाती आवळते. छाती आवळली की वाटतं, इथं काहीतरी आहे. हात काखेत जातो. काही लागत नाही, दोन मिनिटं बरं वाटतं. मग "नीट पाहिलं नसेल" म्हणून पुन्हा हात जातो. दिवसातून वीस वेळा दाबलं की तिथलं कातडं आणि स्नायू दुखायला लागतात, आणि मग त्या दुखण्याचीच भीती. हे रहाट एकदा फिरायला लागलं की "विचार करू नकोस" म्हणून थांबत नाही. उलट जोरात फिरतं. माइंडफुलनेस काम करतं ते नेमकं इथं. विचार आला, पोटात गोळा आला, हात उठला, हे तीन टप्पे माणसाला वेगवेगळे दिसायला लागतात. आणि वेगळे दिसले की मध्ये कुठंतरी थांबता येतं. भीती येतेच. ती आली की पुढचं सगळं आपोआप घडायचं, ते हळूहळू कमी होतं. मला विचाराल तर सगळ्या कोर्सचं सार एवढंच आहे, आणि एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

याचा अर्थ शरीराकडे दुर्लक्ष करायचं असा नाही, हे आईंना स्वच्छ सांगा. डॉक्टरांना विचारून एक यादी करून घ्या. नवीन गाठ, एकाच हाडात सतत राहणारं दुखणं, धाप लागणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवायचं. एखादं नवं दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तरी दाखवायचं. स्वतःची तपासणी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. ही हद्द आखून दिली की बाकीचे एकोणतीस दिवस हात मागे घ्यायला आधार मिळतो.

जपाबद्दल. घरातल्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, आणि आईंची माळ कुणीही काढून घेऊ नये. जपामध्ये मन भरकटलं की त्याला नामाकडे परत आणायचं असतं. इथंही परत आणायचंच असतं, फक्त परत आणण्याआधी मन गेलं कुठं, तिथं अंगात काय चाललं होतं, हे क्षणभर बघायचं असतं. कित्येक बायकांनी मला सांगितलंय की माळ हातात आहे, ओठ हलताहेत आणि मनात मात्र रिपोर्टच घोळतोय. त्यांना मी म्हणते, माळ तशीच ठेवा, आपण फक्त ते घोळणं बघायला शिकू. आजच्या रूपातला आठ आठवड्यांचा कोर्स अमेरिकेत डॉ. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सुरू केला. मुळं बौद्ध ध्यानपरंपरेतली, म्हणजे आपल्याच मातीतली. पुढे नैराश्य पुन्हापुन्हा येणाऱ्या लोकांसाठी त्यात विचारांवर काम करण्याची मानसोपचाराची पद्धत जोडली गेली. कॅन्सरनंतरच्या लोकांसाठी हे जोडरूपही वापरतात. यात कुठल्या देवाला मानायचं किंवा सोडायचं, असा प्रश्नच येत नाही.

मी शब्दही सांभाळून वापरते. "ध्यान" म्हटलं की आमच्याकडच्या बायकांना हिमालयातला साधू आठवतो आणि त्या पाठ ताठ करून, डोळे गच्च मिटून बसतात. "सजगता" हा छापील शब्द झाला. मी सरळ "लक्ष देणं" म्हणते.

या कोर्सची सुरुवात जगभर एका बेदाण्याने होते. एक बेदाणा हातात घ्यायचा आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय असा पाहायचा, हुंगायचा, मग सावकाश खायचा. बेदाण्यांच्या मुलखात हे शिकवताना मला पहिल्यांदा संकोच वाटला होता. गटात एक ताई होत्या, बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाणाऱ्या. स्क्रीनवर त्या जमिनीवर बसलेल्या दिसत होत्या, मागे भिंतीला टेकवलेले क्रेट. म्हणाल्या, "मॅडम, ह्येच्यात काय बघायचं? दिवसाला किती हाताखालनं जात्यात." मी म्हटलं, एकच घ्या, आणि आज निवडायचा नाही. त्यांनी तळहातावर घेतला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, देठाच्या बाजूला बारीक खड्डा असतो तो माहीत होता, पण उजेडाकडे धरला की आतली शीर दिसते हे बघितलं नव्हतं. गंधकाचा वास येतो म्हणाल्या, आणि त्याच्या मागे थोडा गूळ. तोंडात ठेवला आणि त्या एकदम रडायला लागल्या. केमोनंतर तोंडाची चव गेली होती. ती कधी परत आली ते त्यांना कळलंच नव्हतं. आठ महिने त्या "मला आता चवच नाही" असं म्हणत जेवत होत्या.

प्रत्येकाला असं काही होईलच असं नाही. कुणाला नुसता कंटाळा येतो, तेही चालतं. पण भीतीत असलेला माणूस काल काय होतं आणि उद्या काय होईल यातच राहतो आणि आजची चवसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नाही, हे मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं कुठल्या व्याख्यानात कळलं नव्हतं.

आता ऑनलाइनचा मुद्दा. मोबाईलवर काय होणार, ही शंका रास्त आहे. मलाही होती. नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक त्रास असलेल्या २४५ कॅन्सर रुग्णांचे त्यात तीन गट केले होते: समोरासमोर बसून कोर्स करणारे, इंटरनेटवर एकेकट्याने कोर्स करणारे आणि फक्त नेहमीचे उपचार घेणारे. इंटरनेटवाल्यांना दर आठवड्याला एक थेरपिस्ट लेखी उत्तर देत असे. दोन्ही कोर्सवाल्यांचा त्रास तिसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला, आजार परत येण्याची भीती आणि तेच ते मनात घोळणं दोन्ही उतरलं. शारीरिक तब्येतीच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही, आणि हेही तुम्हाला माहीत असायला हवं. यानं कॅन्सर रोखला जातो किंवा प्रतिकारशक्ती वाढून तो परत येत नाही, असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मोठ्या केंद्रांपासून लांब राहणाऱ्या ६२ जणांना ठरलेल्या वेळी व्हिडिओवर गट जमवून याच प्रकारचा कोर्स शिकवला, तिथंही मनाचा ताण कमी झाल्याचं दिसलं. आमच्या जत-आटपाडीच्या माणसाला मिरजेला यायचं तर एका तासाच्या सेशनसाठी दिवस मोडतो, वर एक माणूस सोबत. त्या हिशेबाने फोन हा मला कमी दर्जाचा पर्याय वाटत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने चिंता आणि नैराश्यासाठीच्या शिफारशी काढल्या, त्यातही उपचार चालू असताना आणि संपल्यावर माइंडफुलनेस आहेच.

एक फरक लक्षात ठेवा. या अभ्यासांत पलीकडे जिवंत माणूस होता. यूट्यूबवरची बासरी लावलेली वीस मिनिटांची क्लिप म्हणजे थेरपी नव्हे. आईंनी "आज जमलं नाही" असं सांगितल्यावर "काय झालं नेमकं?" विचारणारं कुणीतरी हवं. निम्मं काम त्या विचारण्यात होतं. म्हणून कोर्स निवडताना चार गोष्टी बेधडक विचारा: शिकवणाऱ्यांचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालंय का, कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम केलंय का, गट किती जणांचा आहे, आणि मध्येच कुणाला फार त्रास झाला तर ते काय करतात. शेवटच्या प्रश्नाला उत्तर अडखळलं तर दुसरीकडे बघा. मराठीत शिकवणारे शोधा. दुखण्याकडे लक्ष न्यायचं ते आपल्याच भाषेत जातं.

खेड्यात मोठी अडचण रेंजची नसते, दाराची असते. आवाज तुटायला लागला तर कॅमेरा बंद करून नुसतं ऐकता येतं, लाईट जाणार असेल तर फोन आधी चार्ज करून ठेवता येतो. पण आपल्या घरातली बाई दिवसाढवळ्या दार लावून अर्धा तास आडवी पडलीय आणि ती आजारी नाही, हे घराला पचत नाही. सून येते, नातू येतो, दूधवाला हाक मारतो, सासूबाई विचारतात बरं नाही का. माझ्या एका ताई दोन महिने गोठ्यात बसून सेशन करत होत्या, कारण तिथं कुणी येत नाही. त्यामुळे यात तुमचं काम आहे, आणि ते आईंच्या कामापेक्षा कमी नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, त्या वेळेत फोन फक्त त्यांचा, त्यावर येणारे बागेचे, औषध दुकानदाराचे कॉल तुम्ही दुसऱ्या नंबरवर घ्या. साधे इअरफोन द्या. तुम्ही ओसरीवर बसा आणि येणाऱ्याला थोपवा. आणि बाहेर आल्या आल्या "आज बरं वाटलं का?" विचारू नका. तो प्रश्न म्हणजे परीक्षा होते, आणि त्या तुमच्यासाठी हो म्हणायला लागतील.

सरावाबद्दल थोडं. मूळ कोर्समध्ये घरी रोज पाऊण तास सांगितलेला आहे. शेतीच्या घरात, त्यात छाटणीचे दिवस असतील तर, हे होत नाही, आणि होत नाही म्हणून बायका कोर्सच सोडतात. मी पंधरा ते वीस मिनिटं सांगते, आणि तीही हुकली तर उठताना तीन मिनिटं. पडून सगळ्या अंगावरून लक्ष फिरवायचा एक सराव असतो. आईंच्या ऑपरेशनच्या बाजूच्या हाताखाली उशी द्या, त्या हाताला सूज येत असेल तर जास्त वेळ एका स्थितीत ठेवू नका. लक्ष छातीवर येतं तेव्हा बऱ्याच जणी दचकतात. ती जागा त्यांनी आंघोळीतसुद्धा नीट पाहिलेली नसते. तिथं थांबायची सक्ती नाही. पायाच्या तळव्यांवर परत यावं, पुढच्या आठवड्यात परत जवळ जावं. केमोमुळे तळव्यांना मुंग्या असतील तर तळव्यांऐवजी मांडीवर ठेवलेले हात घ्यावेत. श्वासाचंही तसंच. कुणाला श्वासाकडे बघताच घुसमटतं, आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांना तर मी सुरुवातीला श्वास सांगतच नाही, कानावर पडणारे आवाज सांगते. लांबची मोटार, कुत्रं, पंख्याचा खडखड. आवाज कुठून येतो, कधी थांबतो, बस्स. रात्री तीन वाजता हा सराव सगळ्यात सोपा जातो, आणि तो आईंना आजच सुरू करता येईल, कोर्सची वाट पाहायला नको.

तीन वाजता जागं होण्याचं मात्र आधी नीट बघा. टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, आणि झोप बऱ्याचदा त्यानेच मोडत असते. मन नंतर त्यात उडी घेतं. आईंना विचारा, आधी घाम येतो की आधी विचार. घाम असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. झोपेच्या तक्रारीत हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही पाहून घेतात. आणि मनासाठी गोळ्या सुरू करायची वेळ आली तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्या वाक्यात सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं रूपांतर अडवतात, म्हणजे त्या गोळीचा उपयोग कमी होऊ शकतो. दुसरी चालणारी औषधं आहेत, तज्ज्ञ ती निवडतात. केमिस्टकडून स्वतःहून काही घेऊ नका. गोळ्या लागणं म्हणजे माइंडफुलनेस फसलं, असंही नाही. दोन्ही एकत्र चालतं.

काही वेळा मी हा कोर्स पुढे ढकलते. दिवसच्या दिवस अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, जगून काय करायचं असं बोलणं असेल, किंवा डोळे मिटताच ऑपरेशनचे, आयसीयूचे प्रसंग जसेच्या तसे समोर उभे राहत असतील, तर शांत बसायला लावणं हा उपचार नाही, त्रास आहे. आधी मानसोपचारतज्ज्ञ. "मी नसते तर तुम्ही सुटला असता" असं आईंनी कधी म्हटलं असेल तर ते बोलण्याच्या ओघातलं समजून सोडू नका, सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला पुढच्या महिन्यातल्या तपासणीचा प्रश्न. पहिली तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, त्यामुळे ही भीती वर्षातून दोन ते चार वेळा दारात येणारच आहे. ऐन तपासणीच्या तोंडावर कोर्स सुरू करू नका. त्या दिवसांत मन इतकं ढवळलेलं असतं की पहिल्याच सेशनला "हे माझ्यासाठी नाही" असा शिक्का बसतो. तपासणी होऊन जाऊ द्या, पंधरा दिवसांनी नाव घाला, म्हणजे त्याच्या पुढच्या तपासणीला आठ आठवडे हाताशी असतील. तोपर्यंत रात्रीचे आवाज ऐकणं, आणि दिवसा एकदा बागेच्या बांधावरून सावकाश चालताना पाऊल टेकतं-उचलतं तेवढं बघणं, इतकंच. तपासणीच्या दिवशी बाकावर नंबर लागेपर्यंतचा तास सगळ्यात जड असतो. तिथं त्यांना धीर देत बसू नका. पाय जमिनीला टेकवून, तळव्यांना फरशी कशी लागते ते दोघं मिळून बघा, बोलायचं झालं तर त्यावर बोला.

आणि रिपोर्टचा मेसेज बहुधा तुमच्या मोबाईलवर येत असेल. बहुतेक घरांत मुलगा आधी वाचतो, बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करतो, मग तोंड सावरून आत येतो, आणि आई तेवढा वेळ दाराकडे बघत बसलेल्या असतात. या वेळी तारखेच्या आधीच त्यांना विचारून ठेवा, मेसेज आला की आधी त्यांना वाचायचा आहे, तुमच्याकडून ऐकायचा आहे की दोघांनी एकत्र उघडायचा आहे. त्या म्हणतील तसं करा.